बिनबॅटरीचे वायरलेस सेन्सर: आपल्या मशीनशॉपमध्ये कुठे लावावेत, कुठे लावू नयेत

माधवनगरी | सोमवार, रात्री ९.१०

मंडळी, मशीनच्या तब्येतीवर लक्ष ठेवणारे वायरलेस सेन्सर आता आपल्या कुपवाड आणि मिरजेच्या एमआयडीसीतही दाखवायला आणतात. त्यातला नवा प्रकार म्हणजे बॅटरीच नसलेला सेन्सर. मशीनची थरथर, मोटरची उष्णता, शेडमधला उजेड किंवा केबलमधला करंट यांतून तो स्वतःपुरती वीज काढतो, माप घेतो आणि रेडिओवरून पाठवतो. शास्त्र पक्कं आहे, त्याबद्दल शंका नाही. पण कुठलं मशीन आणि कुठला बिघाड हे न ठरवता घेतला तर आपल्यासारख्या जॉबवर्कवाल्यांचे पैसे बुडतील, असं माझं स्पष्ट मत झालंय. हिशेब मांडतो, जाणकारांनी तपासावा.

आधी खर्च. सेन्सर जागा झाला, कंपनाचा नमुना घेतला, स्वतःच्या इलेक्ट्रॉनिक चिपवरच आरएमएस (कंपनाची एक प्रकारची सरासरी) आणि एफएफटी (कुठल्या वारंवारतेला किती कंपन, ही फोड) काढून चार आकडे पाठवले, तर साधारण ३ व्होल्टला १० मिलिअँपिअर, एक सेकंदभर. म्हणजे एका मापाला ३० मिलिज्यूल. कच्ची वेव्हफॉर्म, म्हणजे घेतलेलं कंपन जसंच्या तसं, पाठवायची म्हटली तर ४,०९६ नमुन्यांचे आठ केबी होतात आणि रेडिओच सगळी वीज खातो, म्हणून तो विचार सोडून दिला. झोपेतही सेन्सर काहीतरी पितोच. ५ मायक्रोअँपिअर धरले तर १५ मायक्रोवॅट सतत. हा १५ चा आकडा लक्षात ठेवा, सगळी गोम त्यात आहे.

आता जमा. कंपनातून वीज काढायची तर एका टोकाला पकडलेली पट्टी आणि दुसऱ्या टोकाला वजन. पट्टीवर पिझोचा (वाकवला की वीज देणाऱ्या पदार्थाचा) थर, नाहीतर वजनाच्या जागी चुंबक आणि शेजारी कॉइल. पिझोचा गुण क्युरी बंधूंनी १८८० साली दाखवला, चुंबक आणि कॉइलचा फॅरडेने १८३१ साली. तत्त्व जुनंच आहे, इतक्या थोड्या विजेवर चालणारं इलेक्ट्रॉनिक्स तेवढं नवं. पट्टी मशीनच्या कंपनाशी जुळवावी लागते. पाळण्याला ठेक्यात धक्का दिला तरच तो उंच जातो, तसंच हे.

१४४० आरपीएमची मोटर म्हणजे २४ हर्ट्झ, सेकंदाला २४ फेरे. वजन २० ग्रॅम, पट्टीचं स्वतःचं डॅम्पिंग (हालचाल जिरवण्याचं प्रमाण) एक टक्का आणि मोटरचं कंपन २.३ मिमी प्रति सेकंद आरएमएस धरलं तर कागदावर सुमारे २०० मायक्रोवॅट मिळतात. झोपेचे १५ वजा केले तरी पावणेतीन मिनिटांना एक माप बसतं. उत्तम.

पण मिळणारी वीज कंपनाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, आणि छोट्या मोटरला २.३ म्हणजे दुखणं सुरू झालेलं आहे. तीच मोटर ठणठणीत असेल, समजा ०.७, तर हातात १९ मायक्रोवॅट येतात. १५ झोपेत गेले, उरले ४. आता एका मापाला दोन तास लागले. कन्व्हर्टर (व्होल्टेज बदलणारं सर्किट) आणि वीज साठवणाऱ्या कपॅसिटरची गळती यात धरलेलीच नाही. ती धरली तर निरोगी मोटरवरचा सेन्सर बोलणारच नाही.

आणि ही साध्या मोटरची गोष्ट. लेथ किंवा व्हीएमसीचा (उभ्या स्पिंडलच्या सीएनसी मिलिंग मशीनचा) बेड तर मुद्दाम जड, कडक, कंपन जिरवणारा बनवतात. कास्ट आयर्न वापरण्याचं एक कारणच ते. शिवाय स्पिंडलचा, म्हणजे टूल किंवा जॉब फिरवणाऱ्या दांड्याचा, वेग जॉबप्रमाणे बदलतो. आत्ता ८००, पुढच्या टूलला ३,०००. एका ठेक्याला बांधलेली पट्टी तिथे काय करणार? साध्या इंडक्शन मोटरचंही बघा. पूर्ण लोडवर १४४०, हलक्या लोडवर १४८०, म्हणजे २४ चे २४.६७ हर्ट्झ झाले. वरच्या पट्टीचा कामाचा टापू मध्यापासून दोन्हीकडे जेमतेम अर्धा हर्ट्झ आहे. लोड उतरला की वीज निम्म्याच्याही खाली.

म्हणून माझं म्हणणं असं. स्पिंडलवर कंपनावर चालणारा बिनबॅटरीचा सेन्सर लावायच्या भानगडीत छोट्या युनिटने पडू नये. कूलंट पंप, हायड्रॉलिक पॉवर पॅक (तेलाला दाब देणारा मोटर-पंपाचा संच), कॉम्प्रेसर, चिप कन्व्हेअर (कापलेल्या धातूचा चुरा बाहेर नेणारा पट्टा) ही या सेन्सरची खरी जागा. ही मंडळी तासन्‌तास एका वेगाने चालतात, त्यांच्याकडे कुणी बघत नाही, आणि त्यातलं एक बंद पडलं तरी महागडी व्हीएमसी हात बांधून उभी राहते. तिथेही वीज कंपनातून काढण्यापेक्षा उष्णतेतून किंवा करंटमधून काढावी.

उष्णतेचा हिशेब: १२७ जोड्यांचं बिस्मथ टेल्युराइडचं मॉड्यूल (एक बाजू गरम, दुसरी गार असली की वीज देणारी चकती) दर अंशाला सुमारे ५० मिलिव्होल्ट देतं. मोटरची बॉडी हवेपेक्षा २५ अंशांनी गरम असली तरी बहुतेक फरक हीटसिंक आणि हवेतच जातो. मॉड्यूलवर ३ अंश आले तरी १५० मिलिव्होल्ट होतात. २० मिलिव्होल्टपासून सुरू होणारे कन्व्हर्टर मिळतात, एलटीसी ३१०८ त्यातलाच. मॉड्यूलचा आतला रोध ३ ओहम धरला तर जास्तीत जास्त दोनेक मिलिवॅट, आणि कन्व्हर्टरमध्ये दोनतृतीयांश गेले तरी पाचसहाशे मायक्रोवॅट उरतात. कंपनाच्या तुलनेत ही श्रीमंती आहे, आणि ती मोटर निरोगी असतानाही मिळते. माझ्या लेखी हा फरक सगळ्यात महत्त्वाचा.

तुमचे अनुभव सांगा.

जुना_फिटर | सोमवार, रात्री १०.०२

चांगलं मांडलंय. आम्ही आयुष्यभर लांब स्क्रू ड्रायव्हर हाउसिंगला टेकवून मूठ कानाला लावत आलो. बेअरिंग बोलतंय ते कळतंय. ग्रीस कमी पडलंय का बाहेरची रिंग गेलीय, हेपण सवयीनं कळतंय. पण तो कान पहिल्या पाळीला असतोय, रात्रपाळीला नाही. आणि आता कान असलेली माणसं रिटायर व्हायला लागली. त्यामुळं मी याच्या विरोधात नाही.

एक विचारायचं होतं. इन्सर्टची (टूलच्या टोकाला बसवायच्या कापणाऱ्या तुकड्याची) धार गेली हे या सेन्सरला कळंल का? आमचं खरं नुकसान तिथं होतंय. धार गेलेली कळली नाही की पाळीभराचे जॉब रिवर्कला.

माधवनगरी | सोमवार, रात्री १०.३५

काका, धार गेल्याचं मोजमाप म्हणजे फ्लँक वेअर, टूलच्या बाजूची झीज. आयएसओ ३६८५ मध्ये टर्निंग टूलला सरासरी ०.३ मिमी झीज ही टूल संपल्याची खूण धरतात. ती थेट पकडायची तर अकूस्टिक एमिशनचा सेन्सर लागतो. धातू कापला जाताना, धार तुटताना १०० किलोहर्ट्झच्या वरचा आवाज निघतो, तो ऐकणारा. एवढ्या वेगाने नमुने घ्यायचे तर मायक्रोवॅटमध्ये भागत नाही. बिनबॅटरीच्या सेन्सरकडून ही अपेक्षा करू नये.

पण त्याचं अर्धं उत्तर तुमच्या मशीनमध्येच पडून आहे. कंट्रोलवर स्पिंडल लोडची टक्केवारी दिसते ना? फॅनक कंपनीच्या इथरनेट असलेल्या कंट्रोलमधून ती त्यांच्या फोकस लायब्ररीने (मशीनमधली माहिती वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने) काँप्युटरवर घेता येते. तोच जॉब, तेच टूल, तोच प्रोग्रॅम असेल तर पहिल्या जॉबचा लोड आणि शंभराव्याचा लोड शेजारी ठेवले की झीज दिसू लागते. नवा सेन्सर नाही, वायर नाही, बॅटरीचा प्रश्न नाही. रफिंगला हे चांगलं चालतं. फिनिशिंगला कट इतका हलका असतो की लोडमधला फरक नीट हाती लागत नाही, तिथे अजून जॉबचं माप आणि डोळाच.

पलूस_पंप | मंगळवार, सकाळी ७.२०

आम्ही पंपाचे बॉडी आणि इम्पेलर मशीन करतो. किर्लोस्करवाडीमुळे आमच्या पट्ट्यात पंप म्हणजे घरचा विषय. एक शंका आहे. मोटरच्या कंपनाचा जो तक्ता आम्हाला दिलाय त्यात १.४ पर्यंत चांगलं, २.८ पर्यंत चालेल, ४.५ च्या वर धोका असं आहे. मग २.३ ला तुम्ही दुखणं का म्हणता?

संवेदक | मंगळवार, सकाळी ८.४५

@पलूस_पंप, तो तक्ता आयएसओ १०८१६ च्या तिसऱ्या भागातला आहे, आता २०८१६ म्हणून नव्याने आलेला. तो १५ किलोवॅटच्या वरच्या मशीनसाठी आहे, आणि तुम्ही दिलेले आकडे कडक पायावरच्या मध्यम मशीनचे. १५ किलोवॅटपर्यंतच्या छोट्या मोटरना जुन्या पहिल्या भागातला क्लास वन लागू व्हायचा. त्यात ०.७१, १.८ आणि ४.५ अशा सीमा होत्या. २.३ म्हणजे तिसरा विभाग, फार दिवस चालवू नये असा. कूलंट पंपाची मोटर अर्धा ते एक एचपी, त्यामुळे माधवनगरींचं बरोबर आहे.

स्पिंडलला यातलं काहीच लावू नका. मशीन टूलच्या स्पिंडलसाठी आयएसओचा वेगळा तांत्रिक अहवाल आहे, १७२४३ चा पहिला भाग, २०१४ चा. तो ६०० ते ३०,००० आरपीएमच्या, अंगचीच मोटर असलेल्या रोलिंग बेअरिंगच्या स्पिंडलबद्दल बोलतो.

आणि तक्त्यापेक्षा स्वतःच्या मशीनचा जुना आकडा मोठा. पंप नवा बसवला, अलाइनमेंट झाली, बोल्ट आवळले की त्याच दिवशी मोजून पंपावर पेंटने लिहून ठेवा. पुढे त्याच जागी, त्याच दिशेने मोजायचं. दुप्पट झालं की बघायला जायचं. तक्ता काहीही म्हणो.

सोल्डरिंग_ताई | मंगळवार, दुपारी १.१५

माधवनगरीदादांच्या हिशेबात मला एक संधी दिसते आणि ती मला फार आवडते. "निरोगी मोटरवरचा सेन्सर बोलणारच नाही" हे तुम्ही दोष म्हणून लिहिलंत. त्यालाच माप केलं तर?

सर्किट असं. कंपनाची पट्टी कपॅसिटर भरते. कपॅसिटर ठरलेल्या व्होल्टेजला पोचला की रेडिओ जागा होतो, फक्त "मी अमुक नंबर" एवढं पाठवतो आणि पुन्हा विझतो. अॅक्सेलरोमीटर (कंपन मोजणारी चिप) नाही, एफएफटी नाही. एवढ्या छोट्या ब्लूटूथ संदेशाला काही दहा मायक्रोज्यूल पुरतात, आणि मधल्या काळात व्होल्टेजवर नजर ठेवणारं एकच सर्किट जागं असतं, ते एका मायक्रोअँपिअरच्या आत बसवता येतं. मग दोन संदेशांमधलं अंतर हेच माप. कंपन दुप्पट झालं की वीज चौपट आणि अंतर साधारण चौथ्या हिश्शावर येतं. वर्गाचा जो नियम तिकडे नडत होता तो इथे फरक मोठा करून दाखवतो. मोजायचं काम भिंतीवरच्या गेटवेने (संदेश गोळा करणाऱ्या डब्याने) घड्याळ बघून करायचं, त्याला प्लगची वीज आहे.

आता करंटबद्दल, कारण माझा जास्त भरवसा त्यावर आहे. मोटरच्या एका फेजच्या वायरवर छोटा स्प्लिट कोअर सीटी (करंट ट्रान्सफॉर्मर, उघडून वायरभोवती मिटवायचं कडं) बसवायचा. २.२ किलोवॅटची मोटर साडेचार अँपिअर घेते. ३,००० फेऱ्यांच्या सीटीतून दीड मिलिअँपिअर मिळाला आणि तो ३.३ व्होल्टला साठवला तर चार मिलिवॅटच्या वर. निरोगी मोटरच्या कंपनातून मिळणाऱ्या १९ मायक्रोवॅटच्या दोनशे पटींहून जास्त. मॅग्नेटायझिंगमध्ये काही गेला तरी उरतो तो भरपूर. शिवाय तोच करंट मोजायचाही आहे, म्हणजे वीज आणि माहिती एकाच जागेवरून.

कूलंट पंपाचा करंट अँपिअर-सव्वा अँपिअर असतो, तेव्हा कोअरमधून वायरचे दोनतीन फेरे काढा, तितक्या पटीने मिळेल. आणि झेनर (जादा व्होल्टेज अडवणारा डायोड) विसरू नका. मोटर डायरेक्ट सुरू होताना सहासात पट करंट ओढते, तो धक्का सर्किटच्या आत जाता कामा नये.

संवेदक | मंगळवार, दुपारी २.४०

ताई, अंतर मोजायची कल्पना सुरेख आहे. पण तिची हद्द सांगितलीच पाहिजे, नाहीतर कुणी बेअरिंगसाठी लावेल.

६२०५ बेअरिंग घ्या, छोट्या मोटरमध्ये सर्रास असतं. नऊ गोळ्या. बाहेरच्या रिंगला खड्डा पडला तर फिरण्याच्या ३.५८५ पट ठोके, आतल्या रिंगला पडला तर ५.४१५ पट. २४ हर्ट्झला अनुक्रमे ८६ आणि १३०. तुमची २४ ला जुळवलेली पट्टी हे ऐकणारच नाही. त्यातही खड्डा सुरुवातीचा असताना या ठोक्यांची ताकद नगण्य असते. प्रत्येक ठोक्याला हाउसिंग काही किलोहर्ट्झला वाजतं, ते एन्व्हलप (त्या आवाजाच्या चढउताराची बाहेरची रेघ) काढून ऐकावं लागतं. त्याला दहाएक किलोहर्ट्झपर्यंत ऐकणारा सेन्सर हवा. एडीएक्सएल १००२ सारखा, ११ किलोहर्ट्झपर्यंत जाणारा, एक मिलिअँपिअर घेतो. उलट झोपेत कान उघडा ठेवणारा एडीएक्सएल ३६२ दोन मायक्रोअँपिअरच्या आत भागवतो, पण तो काही शे हर्ट्झच्या पलीकडे बहिरा. दोन्ही गोष्टी एकाच चिपमध्ये मागू नका.

तेव्हा ताईंचं सर्किट अनबॅलन्स, ढिले बोल्ट, घासलेली कपलिंग यांच्यासाठी. बेअरिंगची पहिली चाहूल त्याला लागणार नाही, शेवटची घरघर लागेल.

करंटबद्दलही थोडं. अर्धा एचपीची मोटर रिकामी फिरतानाही पूर्ण लोडच्या निम्म्याहून जास्त करंट ओढते. त्यामुळे कूलंटचा फिल्टर चोक झाला, पंप कोरडा फिरला, तर करंट उतरतो पण थोडाच. मोटर जाम झाली, एक फेज गेला, पंप सुरूच झाला नाही, हे मात्र लख्ख दिसेल.

अजिंक्यताऱ्याखाली | मंगळवार, सायंकाळी ६.०५

साताऱ्याहून एक वेगळा सूर. बॅटरीला आपण उगाच खलनायक करतोय.

पेन्सिल सेलच्या आकाराचा लिथियम थायोनिल क्लोराइडचा सेल, ३.६ व्होल्ट, २.४ अँपिअर-तास. म्हणजे ३१,००० ज्यूल. सरासरी १०० मायक्रोवॅटवर चालणारा सेन्सर त्यावर कागदावर नऊ-दहा वर्षं जातो. सेलची स्वतःची गळती धरून निम्मी म्हणा. पाच वर्षांत एकदा सेल बदलायला काय हरकत आहे? आमच्या एमआयडीसीत दहापंधरा मशीनचीच युनिटं जास्त. एका रविवारी सगळे सेल बदलून होतात. आणि बॅटरीवाला सेन्सर मशीन निरोगी असताना, बंद असताना, सुरू होताना, कधीही बोलतो.

कंपनातून वीज काढायचं तंत्र रेल्वेच्या चाकाच्या बेअरिंगवर चाललं, साउदॅम्प्टन विद्यापीठातून २००४ साली निघालेल्या पर्पेटुअम कंपनीने ते करून दाखवलं. पण धावत्या गाडीच्या ॲक्सलबॉक्सला धक्क्यांची ददात नाही. आपल्या सीएनसीला आहे.

माधवनगरी | मंगळवार, रात्री ९.३०

तुमचा हिशेब बरोबर आहे आणि दहा मशीनच्या युनिटला मी आज हेच सांगेन: स्पिंडलच्या हाउसिंगवर काही लावायचंच असेल तर बॅटरीवाला, नाहीतर सरळ वायरचा.

तरी दोन-तीन गोष्टी. हा सेल बराच काळ नुसता पडून राहिला की आत थर धरतो, आणि रेडिओने एकदम करंट मागितला की व्होल्टेज बसतो. शेजारी कपॅसिटर लागतोच. गरम बॉडीवर गळती वाढते, त्यामुळे ६०-७० अंशांच्या हायड्रॉलिक मोटरवर तुमची पाच वर्षं मी धरणार नाही. आणि संपलेले सेल चिप्सच्या ढिगात जाता कामा नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ते गोळा करणाऱ्याकडेच द्यायचे असतात. भंगारवाल्याच्या भट्टीत लिथियम सेल जाणं किती धोक्याचं आहे, ते आपल्या फाउंड्रीवाल्यांना वेगळं सांगायला नको.

पण बिनबॅटरीचा सेन्सर मला हवा आहे तो वेगळ्याच कारणासाठी. बॅटरी बदलायला माणूस लागतो, तो माणूस आपल्याकडे ब्रेकडाउनमध्ये गुंतलेला असतो, आणि मुका झालेला सेन्सर महिनोन्‌महिने कुणाच्या लक्षात येत नाही. पॅनेलमधल्या सीटीचं तसं नाही. मोटर चालू असेल तर तो बोललाच पाहिजे. नाही बोलला तर बिघाड.

जुना_फिटर | मंगळवार, रात्री १०.१०

उष्णतेवरचा सेन्सर एप्रिलमध्ये चालंल का? आपल्याकडं शेडमध्ये चाळीशी गाठती. हवाच गरम, मग फरक कुठनं आणायचा?

माधवनगरी | मंगळवार, रात्री १०.४०

काका, मोटर हवेच्या वर गरम होते. हवा २५ असली काय आणि ४० असली काय, तोच लोड असेल तर बॉडी आणि हवेतला फरक जवळपास तेवढाच राहतो. उन्हाळा नडत नाही. नडतं ते कूलंटचं धुकं. हीटसिंकच्या पंखांवर तेलकट थर बसतो, त्यावर कास्ट आयर्नची काळी पूड, आणि मग गार बाजू गार राहत नाही. पंख उभे ठेवायचे, मोटरच्या फॅनचा वारा लागेल अशा जागी, आणि मशीन पुसताना तेही पुसायचे. दुसरी अडचण म्हणजे मोटर तापायला वेळ लागतो. सकाळी पाळी सुरू झाल्यावर सुरुवातीचा बराच वेळ सेन्सर गप्प राहणार.

पलूस_पंप | बुधवार, सकाळी ७.०५

आमच्या शेडला चारी बाजूंनी पत्रा, आत मशीनचे पत्र्याचे दरवाजे, कंट्रोल पॅनेलसुद्धा पत्र्याचं. रेडिओ बाहेर कसा येणार? सोलरचे छोटे पॅनेलवाले सेन्सरपण दाखवून गेलेत एकजण, त्याचंही सांगा. आणि ते घर्षणातून वीज काढायचं काय आहे, त्यांच्या माहितीपत्रकात होतं.

सोल्डरिंग_ताई | बुधवार, सकाळी ११.३०

पत्र्याच्या बंद डब्यातून रेडिओ येत नाही, हे धरूनच चालायचं. सर्किट पॅनेलच्या आत, अँटेना बाहेर. केबल ग्लँडमधून काढली की काम होतं. व्हीएमसीच्या आत लावायचा असेल तर दाराच्या काचेकडे तोंड करून. ब्लूटूथचा २.४ गिगाहर्ट्झ पॅनेलच्या दारातून, मशीनच्या आडून फार पोचत नाही. आपल्याकडे ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसन्सशिवाय वापरता येतो आणि तो अडथळ्यांना वळसा घालून बरा जातो. लोराचे (लांब पल्ल्याच्या रेडिओ पद्धतीचे) भारतातले मॉड्यूल त्यातच चालतात. पण लोराचा संदेश लांबतो आणि एकेका संदेशाला जास्त वीज लागते. सीटीवर परवडतं, कंपनाच्या पट्टीवर नाही. मॉड्यूल घेताना डब्ल्यूपीसीची (केंद्र सरकारच्या रेडिओ परवाना खात्याची) मंजुरी आहे का ते आवर्जून विचारा. गेटवे छताच्या ट्रसवर उंच लावा, मशीनच्या डोक्यावरून बघणारा.

शेडमधल्या एलईडीच्या उजेडात सोलर सेल दर चौरस सेंटिमीटरला फार तर काही दहा मायक्रोवॅट देतो. तळहाताएवढा सेल चांगला चालेल, जोवर त्यावर तेल बसत नाही तोवर.

घर्षणाचं म्हणजे ट्रायबोइलेक्ट्रिक. २०१२ साली अमेरिकेत जॉर्जिया टेकमध्ये झोंग लिन वांग यांच्या गटाने ते जनित्र मांडलं. प्रयोगशाळेत उत्तम व्होल्टेज देतं. पण दमटपणा आणि तेल त्याला सोसत नाही, आणि आपल्या शेडमध्ये दोन्ही आहेत. आज घेऊ नका.

अजिंक्यताऱ्याखाली | बुधवार, दुपारी १२.४५

कंपनावरच्या पट्टीबद्दल मी जरा कठोर लिहिलं. एक जागा मला पटते. मोटरला वेगाच्या कंपनाशिवाय १०० हर्ट्झची गुणगुणही असते, सप्लायच्या दुप्पट वारंवारतेची, चुंबकीय ओढीमुळे. ती लोडने हलत नाही, ग्रिडने हलते, आणि आपल्या ग्रिडचा ठरलेला टापू ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ आहे. १०० ला जुळवलेली पट्टी वेगातल्या बदलाने ठेका सोडणार नाही. फक्त मोटर थेट सप्लायवर हवी, ड्राइव्हवर (मोटरचा वेग बदलणाऱ्या यंत्रणेवर) असेल तर ही गुणगुण वेगाबरोबर सरकते. पण मग ताईंच्या अंतर मोजण्याने अनबॅलन्स कळणार नाही, कारण अनबॅलन्स २४ ला आहे. तिथे पट्टी फक्त वीज देईल आणि माप वेगळ्या सेन्सरने घ्यावं लागेल.

संवेदक | बुधवार, दुपारी १.३०

अगदी बरोबर. आणि अंतर मोजायच्या सर्किटला अजून एक गोष्ट सांभाळावी लागेल. संदेश थांबले, याचे तीन अर्थ होतात: मोटर बंद, मोटर एकदम उत्तम, नाहीतर सेन्सर मेला. तिन्ही सारखेच दिसतात. मोटर चालू आहे की नाही हे गेटवेला दुसऱ्या कुणीतरी सांगितलंच पाहिजे. कॉन्टॅक्टरचा (मोटर चालू-बंद करणाऱ्या विजेवरच्या स्विचचा) मोकळा ऑक्झिलरी कॉन्टॅक्ट असेल तर तो, नाहीतर सीटी.

पलूस_पंप | बुधवार, सायंकाळी ७.१५

मग माझं ठरलं. पहिला प्रयोग हायड्रॉलिक पॉवर पॅकवर, सीटीचा. मोटर २.२ किलोवॅटची, थेट सप्लायवर आहे. बसवताना काय बघायचं तेवढं सांगा, आमचा इलेक्ट्रिशियन नवा आहे.

सोल्डरिंग_ताई | बुधवार, रात्री ८.२०

सगळ्यात आधी आयसोलेटर (मुख्य स्विच) बंद करून कुलूप लावायचं आणि टेस्टरवर न थांबता मीटरने तिन्ही फेज तपासायचे.

सीटी एकाच फेजच्या वायरवर बसवायचा. केबलच्या बाहेरून, तिन्ही वायरींवर एकत्र बसवला तर तिन्हींची चुंबकीय क्षेत्रं एकमेकांना खातात आणि काहीच मिळत नाही. म्हणून कॉन्टॅक्टरच्या खाली, जिथे वायरी सुट्या होतात, तिथे. कोअरचे दोन अर्धे मिटण्याआधी त्यांची तोंडं कोरड्या कापडाने पुसा, एखादी चिप किंवा तेलाचा थर मध्ये राहिला की निम्मी वीज गेली. सीटीची सेकंडरी, म्हणजे त्यातून बाहेर येणाऱ्या तारा, सर्किटला जोडल्याशिवाय सप्लाय चालू करू नका, उघड्या सीटीवर धोकादायक व्होल्टेज चढू शकतो. ओव्हरलोड रिलेच्या (जादा करंट गेला की मोटर बंद करणाऱ्या डबीच्या) अगदी अंगाला लावू नका, रीसेट दाबायला बोट जायला हवं.

चालू केल्यावर पहिला आठवडा कुठलाही अलार्म ठेवू नका. प्रेशर भरताना, जॉब क्लॅम्प करताना, नुसतं धरून ठेवताना करंट वेगवेगळा दिसेल, तो आधी साठू द्या. त्या नोंदी इथे टाका, सीमा कुठे ठेवायची ते आपण बघून ठरवू.

जुना_फिटर | बुधवार, रात्री ९.००

आणि ऑइलची लेव्हल त्याच दिवशी बघून लिहून ठेवा. पॅकमध्ये ऑइल कमी असलं तर पंप हवा ओढतोय, करंट नाचतोय, आणि तुम्ही मोटरला दोष देत बसाल.